वाण, विक्री आणि भीड

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ पंचांगाप्रमाणे कधी दहा-बारा दिवसांत आटोपतो, तर कधी महिनाभर लांबतो. तेवढ्या दिवसांत नांदेड-लातूरच्या वसाहतींमध्ये घरोघरी हळदीकुंकवाची बोलावणी फिरतात आणि जिथे जावे तिथून एक वाण हाती पडते. या वाणाचे रूप अलीकडे बदलते आहे. वाटी, चमचा, कापडी पिशवी, टिकल्यांचे पाकीट यांच्या जोडीला काळ्या मसाल्याची किंवा येसराची पुडी येते आणि तिच्यावर मोबाइल नंबर छापलेला असतो. काही घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात साड्यांचा गठ्ठा सोडून ठेवलेला असतो. हळदीकुंकू लागले, तिळगूळ हातावर पडला, की 'बघा तरी वहिनी, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही' हे वाक्य ऐकू येते.

यावर दोन मते सर्रास ऐकायला मिळतात. एक मत म्हणते, सणात धंदा शिरला आणि सण बाटला. दुसरे मत व्यवसाय मार्गदर्शन शिबिरांतले: तुमच्या ओळखी हेच तुमचे भांडवल, सणाला पन्नास बायका आपणहून घरी येतात, ही संधी सोडू नका. पहिल्या मताला व्यवहाराचे वावडे आहे आणि दुसऱ्याला व्यवहाराखेरीज काही दिसत नाही. दोन्ही मते उथळ आहेत, कारण दोघांचीही नजर विक्री झाली की नाही एवढ्यावरच खिळलेली आहे. खरा प्रश्न वेगळा आहे: ज्या बाईला वस्तू नको होती, तिला सहज नाही म्हणता आले का?

या लेखातला दावा असा. घरगुती व्यवसायाच्या प्रसाराला वाण हे फार चांगले साधन आहे, पण ते भिडेपासून सोडवले तरच. भिडेवर झालेली विक्री घेणारीला जाचते हे उघड आहे. ती विकणारीलाच बुडवते, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. म्हणून भिडेला विरोध करण्याचे पहिले कारण नैतिक नाही, हिशेबाचे आहे.

१. हळदीकुंकवात बाजार आधीपासून आहे

सण बाटल्याची तक्रार आधी तपासू. संक्रांतीचा सण उभा राहतो तो अनेकांच्या विक्रीवर. सुगडी कुंभाराकडून येतात. त्यांत भरायचा ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि गाजरे बाजारातून येतात. बांगड्या कासाराकडून भरल्या जातात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने लागतात. बोरन्हाणाला लहान मुलाच्या अंगावरही तेच दागिने चढतात. हे दागिने बऱ्याच ठिकाणी बायकाच घरी बसून करतात आणि ओळखीपाळखीतून विकतात. घरगुती व्यवसाय सणात आज शिरला असे म्हणणाऱ्यांनी हलव्याच्या दागिन्यांकडे एकदा पाहावे.

वाणाचेही तेच. प्लास्टिकची डझनावारी डबी लातूरच्या गंजगोलाईतून किंवा नांदेडच्या वजिराबादेतून घाऊक भावाने उचलली जाते, तेव्हा सण बाटल्याची हाकाटी कोणी करत नाही. पैसा घाऊक व्यापाऱ्याकडे गेला तर तो धर्म आणि शेजारच्या गल्लीतल्या बाईकडे गेला तर तो धंदा, या भेदाला काही आधार नाही. उलट, घराघरांत न वापरता साठत जाणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्यांपेक्षा आठवडाभरात आमटीत पडून संपणारा मसाला हे वाण अधिक शहाणपणाचे.

हळदीकुंकू केवळ धार्मिक विधी म्हणून टिकलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे. बाईला घराबाहेर पडायला एक मान्य कारण मिळावे, ही त्याची मोठी सामाजिक गरज होती. स्वातंत्र्याच्या चळवळीत बायकांना एकत्र आणण्यासाठी याच निमित्ताचा उपयोग झाला. आज निवडणूक जवळ आली की प्रत्येक इच्छुक उमेदवाराच्या घरची मंडळी वॉर्डात हळदीकुंकू घालतात आणि वाणाच्या पिशवीवर नेत्याचा चेहरा असतो. मतासाठी वाण चालते आणि मसाल्यासाठी चालत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. तेव्हा पावित्र्याचा आक्षेप इथेच बाजूला ठेवू.

२. वाणाचा हिशेब फिरता असतो

शिबिरातल्या मार्गदर्शकांची चूक याहून सूक्ष्म आहे. वाण म्हणजे 'फुकट दिलेली वस्तू' असे ते धरून चालतात. वाणाची रचना तशी नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ निबंधात भेटवस्तूंच्या व्यवहारात तीन बंधने असतात असे मांडले: देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे. कोणतीही भेट पूर्णपणे मोकळी नसते, तिच्यामागे परतफेडीची अपेक्षा असते. आपल्याकडच्या आहेराच्या वह्या हे मॉस न वाचताही सांगतात. कुणाच्या लग्नात किती आहेर आला हे लिहून ठेवायचे आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढा किंवा थोडा जास्त करायचा.

वाणाची गंमत अशी की त्याची वही कोणी ठेवत नाही. कारण त्या तेवढ्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाई देणारीही असते आणि घेणारीही. आज मी तुमच्याकडून वाटी नेली, परवा तुम्ही माझ्याकडून रुमाल न्याल. वाण साधारण एकाच मोलाचे असते आणि रथसप्तमीपर्यंत सगळे देणे-घेणे आपोआप फिटते. कोणी कोणाच्या ऋणात राहत नाही. म्हणून तर हा प्रकार इतक्या सहज टिकला. आहेरात जो ताण असतो, तो वाणात नाही.

आता या वर्तुळात एकीने वीस रुपयांचे वाण देऊन त्याच बैठकीत पाचशेची साडी पुढे केली, तर काय होते? जे देणे रथसप्तमीपर्यंत फिटणार होते ते तिथल्या तिथे वसुलीला येते, आणि तेही पंचवीस पटींनी. घेणारीला ही गोष्ट शब्दांत सांगता येत नाही, पण कळते पक्की. पुढच्या वर्षी तिला त्या घरच्या बोलावण्याला 'जमलं तर येते' असे उत्तर सुचते. वाणाने जमवलेली माणसे विक्रीने पांगतात, ती अशी.

३. भिडेच्या विक्रीचे तीन तोटे

आता मुख्य मुद्दा. भिडेची विक्री विकणारीचे नुकसान कसे करते? तीन वाटांनी.

पहिला तोटा: खोटी मागणी. पन्नास बायकांतल्या वीस जणींनी पापडाचे पाकीट घेतले की विकणारीला वाटते, वीस गिऱ्हाइके मिळाली. त्यांतल्या किती जणींना पापड हवा होता आणि किती जणींना केवळ सगळ्यांदेखत नकार देववला नाही, हे तिला कळायला मार्ग नाही. घरी भरवलेल्या विक्रीच्या बैठकींचा अभ्यास जोनाथन फ्रेन्झन आणि हॅरी डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केला. बाई खरेदी करील की नाही हे यजमानिणीशी तिचे नाते किती जवळचे आहे आणि ती यजमानिणीचे किती देणे लागते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे त्यांना आढळले. म्हणजे त्या विक्रीच्या आकड्यात मालापेक्षा नातेच जास्त मोजले जाते. या आकड्यावर विसंबून बाईने पुढच्या खेपेला दुप्पट उडीद आणला, बचत गटातून कर्ज उचलले, तर ती नात्याच्या भरवशावर मालाचा साठा करते आहे. नाते दर महिन्याला पाकीट घेत नसते.

दुसरा तोटा: उधारी. भीड एकाच बाजूने चालत नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्याकडे पैसे मागायला विकणारीचीही जीभ रेटत नाही. सुरत-हैदराबादहून साड्या आणून घरी हप्त्याने विकणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, तिचे भांडवल कुठे अडकले आहे. जावेकडे, विहिणीकडे, मुलाच्या शिक्षिकेकडे, खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. अनोळखी गिऱ्हाइकाकडे तिची उधारी नसते, कारण त्याला ती उधार देतच नाही. नात्यातल्या गिऱ्हाइकाकडून भाव पाडून मागितला जातो तो वेगळाच: 'आम्हालाही तोच भाव का?' म्हणजे भिडेने माल खपला, भिडेनेच भाव उतरला आणि भिडेनेच वसुली थांबली. शेवटी वहीत नफा दिसतो आणि व्यापाऱ्याला द्यायला हातात रोकड नसते.

तिसरा तोटा: दाबलेली तक्रार. हा सर्वांत महागडा आणि सर्वांत अदृश्य. दुकानातून आणलेला मसाला उग्र निघाला तर बाई दुकानदाराला ऐकवते. वहिनींनी केलेला मसाला उग्र निघाला तर ती गप्प बसते, पुन्हा घेत नाही, आणि विचारलेच तर 'छान होता, अजून शिल्लक आहे' म्हणते. विकणारीला आपल्या मालाचा दोष कळतच नाही. मिरची बदलायला हवी, धने जास्त भाजले गेले, पाकिटाला ओल लागते, ही माहिती ज्या गिऱ्हाइकाकडून यायची त्याचे तोंड भिडेने बंद केलेले असते. तक्रार ऐकू येत नाही म्हणून सुधारणा होत नाही, सुधारणा नाही म्हणून ओळखीबाहेर माल खपत नाही, आणि ओळखीबाहेर खपत नाही म्हणून पुन्हा ओळखीवरच भार. या फेऱ्यात कित्येक चांगल्या हाताच्या बायका दोन-तीन वर्षांत थकून व्यवसाय बंद करतात आणि 'आपल्या लोकांना किंमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढतात.

४. जगाने हे आधी करून पाहिले आहे

घरच्या मेळाव्याला विक्रीचे केंद्र करण्याची पद्धत ज्या कंपनीने जगभर नेली ती टपरवेअर. अर्ल टपरचे प्लास्टिकचे डबे दुकानांत पडून राहत, कारण त्यांचे झाकण हवाबंद कसे करायचे हे दाखवल्याशिवाय कळत नव्हते. ब्राउनी वाइज या बाईने ते घरच्या बैठकीत दाखवून विकायला सुरुवात केली. १९५१ साली कंपनीने माल दुकानांतून काढून सगळा भर घरगुती बैठकींवर टाकला. या पद्धतीत एक खुबी होती: बैठक जिच्या घरी, त्या यजमानिणीला विक्रीच्या प्रमाणात भेटवस्तू मिळे. घेणारीला वाटे, मी घेतले तर मैत्रिणीला काहीतरी मिळेल. डबा चांगला होता हे खरे, पण त्याला ढकलत होती ती मैत्री. भारतात ही कंपनी १९९६ मध्ये आली. शहरी मध्यमवर्गीय बायकांनी तिचे डबे घेतले आणि विकलेही. याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. कारणे अनेक आहेत, पण बैठकींवर उभी राहिलेली विक्री बदलत्या बाजारात अपुरी पडली, हे त्यांतले एक ठळक कारण.

या पद्धतीचे विकृत टोक म्हणजे साखळी. त्यात माल गौण असतो आणि 'तुम्ही सहा जणी जोडा, त्या प्रत्येकी सहा जोडतील' हे मुख्य. साधा गुणाकार करून पाहा: सहा, छत्तीस, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, आणि सातव्या पायरीवर २,७९,९३६. लातूर शहराची सगळी लोकसंख्या २०११च्या जनगणनेत चार लाखांच्या आत होती आणि त्यांत बायका साधारण निम्म्या. म्हणजे साखळीच्या सातव्या पायरीला शहरातल्या सगळ्या बायका, तान्ह्या मुलींसकट धरल्या तरी पुरत नाहीत. शेवटच्या पायरीवरचीला जोडायला कोणी उरतच नाही, आणि बहुसंख्य जणी नेहमी शेवटच्याच पायऱ्यांवर असतात.

अशा योजनांना बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे. थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यांतले दोन नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. विक्रेत्याने बोलणे सुरू करतानाच, कोणी विचारण्याची वाट न पाहता, आपण कोण, कोणत्या कंपनीतर्फे आलो, काय विकतो आणि हेतू काय हे स्पष्ट सांगायचे. आणि ग्राहकाच्या घरी ओळखपत्राशिवाय व आधी वेळ ठरवल्याशिवाय जायचे नाही. घरी मसाला कुटून विकणाऱ्या बाईला हे नियम लागू होत नाहीत, ती कोणत्याही कंपनीची प्रतिनिधी नसते. पण त्यामागचे तत्त्व तिलाही लागू आहे: विक्रीचा हेतू आधी सांगावा, म्हणजे ज्याला नको त्याला येण्याआधीच नाही म्हणता येते. हळदीकुंकवाला म्हणून बोलावून साड्या उघडणे हे या तत्त्वाच्या नेमके विरुद्ध. बाई उंबरा ओलांडून आत आली, पाटावर बसली, कुंकू लागले, आणि मग हेतू कळला. तेव्हा उठून जायचे कसे?

५. मग वाणाने काय साधते?

भीड वजा केली तर वाणात काय उरते? उरते ते बरेच मोठे आहे. वाण घरी जाते. ज्या बाईने दिले ती समोर नसताना, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या घरच्यांच्या जिभेवर ते पारखले जाते. कोणतीही जाहिरात किंवा प्रदर्शनातला स्टॉल ही गोष्ट देऊ शकत नाही. चव आणि खरेदी यांच्यामध्ये वाणामुळे काही आठवडे पडतात, आणि या अंतरातच बाईला खरा निर्णय घेता येतो.

वेळही जुळून येते. घरोघर वर्षाचा मसाला होतो तो नवी मिरची बाजारात आल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. शेवया, कुरडया, पापड, खारोड्या यांचे वाळवणही तेव्हाच. लग्नसराईत येसराची मागणी वाढते तीही त्यानंतर. म्हणजे जानेवारीत दिलेली पुडी फेब्रुवारीत संपते आणि मार्चमध्ये 'यंदा घरी कुटायचा की विकत घ्यायचा' हा प्रश्न घरात निघतो, त्या वेळी चव आठवणीत असते. संक्रांतीचे वाण हे उन्हाळ्याच्या मागणीचे बियाणे आहे. पेरल्याच दिवशी उपटून पाहण्यात शहाणपण नाही.

व्यवहारात याचे पाच नियम निघतात.

एक, वाणाच्या दिवशी विक्री नाही. कोणी आपणहून मागितले तरी 'रथसप्तमीनंतर फोन करा' असे सांगावे. या एका नियमाने सगळ्या पाहुण्या निर्धास्त होतात.

दोन, वाण एका वेळच्या वापराला पुरेसे असावे. चिमूटभर मसाल्याने चव कळत नाही. पाच-सहा माणसांची एक आमटी होईल एवढा द्यावा. वाण म्हणूनही ते शोभते.

तीन, पुडीवर सगळे लिहावे: नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, अन्न सुरक्षा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि मोठ्या पाकिटाचा भाव. खाद्यपदार्थ घरून विकणाऱ्यांनाही ही नोंदणी लागते, ती करून घ्यावी. भाव छापण्याचा फायदा मोठा आहे. भाव विचारणे ही भिडेची पहिली पायरी असते, कारण विचारले की घ्यावे लागते. छापलेला भाव वाचून बाई मुकाट्याने विचार करू शकते.

चार, फोन घेणारीने करावा, देणारीने नाही. 'कसा वाटला मसाला?' असा फोन प्रेमाचा वाटला तरी त्याचे उत्तर एकच असते. नाही म्हणण्यासाठी काहीही करावे लागू नये, गप्प राहणे पुरेसे व्हावे.

पाच, भाव सर्वांना एक आणि व्यवहार रोखीचा. जाऊ असो वा अनोळखी, सूट नाही आणि उधारी नाही. नात्यातल्यांना काही द्यायचेच असेल तर ते सणाला वाण म्हणून द्यावे. मालाच्या भावात नाते मिसळू नये.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा साठ जणींना वीस रुपये लागत येणारी पुडी दिली. खर्च बाराशे. पाव किलोच्या पाकिटामागे चाळीस रुपये सुटतात असे धरू. साठातल्या दहाच जणींनी महिन्याला एक पाकीट घेतले तर महिन्याला चारशे, म्हणजे तीन महिन्यांत वाणाचा खर्च निघाला. पुढचे नऊ महिने नफ्याचे. तेच भिडेने वीस पाकिटे एका दिवसात खपवली तर आठशे सुटतात, बाराशेचे वाणसुद्धा भरून निघत नाही, आणि त्यांतली निम्मी पाकिटे उधारीची. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. एका दिवसाच्या विक्रीने वाणाचा खर्च सहसा निघत नाही, तो निघतो पुन्हा आलेल्या गिऱ्हाइकाने.

हे साधन सगळ्या मालाला चालत नाही, हेही सांगायला हवे. संपणाऱ्या, पुन्हा लागणाऱ्या, थोड्याशाने पारखता येणाऱ्या वस्तूला ते लागू पडते: मसाले, चटण्या, वाळवण, अगरबत्ती, उटणे. साडीचा नमुना वाण म्हणून देता येत नाही. साडीवालीने हळदीकुंकवाची आड घेऊ नये. 'अमुक दिवशी घरी साड्या पाहायला या' असे सरळ बोलवावे. त्या दिवशी जी येईल ती घेण्याच्या विचाराने येईल. संख्या कमी असेल, पण एक घेणारी चार बघ्यांपेक्षा बरी.

आपल्या भागाला आणखी एक अनुकूलता आहे. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन मिळाल्याच्या बातम्या येतात, पण त्या डाळीची चव लातूर-नांदेडच्या किती स्वयंपाकघरांत पोचली? बचत गटांनी अशा मालाच्या छोट्या पुड्या वाणासाठी उपलब्ध केल्या तर घाऊक प्लास्टिकला पर्याय मिळेल आणि मानांकनाला गिऱ्हाईक.

६. कुंपणाबाहेरचे गिऱ्हाईक

इथवर भिडेचा विचार झाला. हळदीकुंकवाची दुसरी मर्यादा त्याहून गंभीर आहे: तिथे कोण येत नाही?

विधवा येत नाही. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांनी किती घरांतल्या एकट्या तरुण बायकांवर संसाराचा भार आला, हे सांगायला नको. घरबसल्या व्यवसायाची सर्वांत जास्त गरज तिला आहे आणि ज्या मेळाव्यात तो व्यवसाय वाढतो म्हणतात तिथे तिला बोलावणे नाही, मग घालणे तर दूरच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले. सर्व स्त्रियांना सामावून घेणारे हळदीकुंकू आपल्याकडेही काही ठिकाणी होते. पण ती अजून बातमी आहे, रीत नाही.

मुसलमान बाई येत नाही. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांनी हे विधी सोडले त्या बौद्ध घरांतली बाई येत नाही. नांदेडमध्ये शीख घरे आहेत. लातूरमध्ये शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या सोबत खोली घेऊन राहणाऱ्या आया आहेत, त्यांना गल्लीत कोणी ओळखत नाही. या सगळ्यांच्या घरी आमटी होते आणि मसाला लागतो. फक्त हळदीकुंकवावर प्रसार करणारी बाई आपला बाजार आपल्या हाताने निम्मा करते. सणाची कुंपणे तिच्या व्यवसायाची कुंपणे होतात.

त्यावर उपाय अवघड नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, आणि लगेच संक्रांत. या दहा-बारा दिवसांत कुंकवाची अट नसलेला तिळगुळाचा मेळावा घालता येतो, आणि त्यात वाण द्यायला कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. लातूर-नांदेडच्या शिवारात वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, भज्जी-आंबिलीच्या पंगतीला शेतावर ओळखी-अनोळखी सगळ्यांना बोलावले जाते. जेवायला बोलावताना नवरा जिवंत आहे का हे कोणी विचारत नाही. येळवशीचा हा मोकळेपणा आपलाच आहे, तो कुठून आणायचा नाही.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप: गरीब बाईकडे भांडवल नसते, ओळख हेच तिचे भांडवल. ती वापरू नको म्हणणे हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान झाले. हा आक्षेप खरा आहे आणि सर्वांत वजनदार आहे. लिज्जत पापडाचे उदाहरण इथे दिले जाते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पण त्या सात जणींची ओळख कुठे उपयोगी पडली ते पाहा. ती उपयोगी पडली एकत्र येऊन काम करायला आणि उसने पैसे मिळवायला. पापड मात्र बाजारात विकला गेला, व्यापाऱ्याच्या हातून, अनोळखी गिऱ्हाइकाला. ओळख उत्पादनाला वापरली तर ती वाढते, खपवायला वापरली तर ती खर्च होते. गरीब बाईचे ते एकमेव भांडवल असेल तर ते जपून वापरायला सांगणे हे तिच्याच हिताचे आहे.

दुसरा आक्षेप: एवढी मोकळीक दिली तर कोणीच घेणार नाही. शक्य आहे. साठ पुड्या दिल्या आणि दोन महिन्यांत एकही फोन आला नाही, तर बाराशे रुपयांत तिला एक मोलाची गोष्ट कळली: माल, भाव किंवा वेष्टन यांत काहीतरी चुकते आहे. भिडेच्या वाटेने हेच कळायला तीन वर्षे आणि पन्नास हजारांची उधारी लागली असती.

तिसरा आक्षेप: हे जुने झाले, आता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळी विक्री होते. होते, पण भीड तिथेही आहे. सोसायटीच्या ग्रुपवर 'ताई, माझी दोन पाकिटे' असे एकीने लिहिले की बाकीच्यांवर नजर येते. कोणी घेतले आणि कोणी नाही हे सगळ्यांना दिसते. साधन बदलले तरी कसोटी तीच: नकार चारचौघांत द्यावा लागतो की एकांतात देता येतो?

८. मोजायचे काय

व्यवसाय शिकवणाऱ्या संस्था, मग ते महिला आर्थिक विकास महामंडळ असो, उमेद अभियान असो किंवा गावोगावचे बचत गट असोत, यशाचा आकडा म्हणून विक्री मोजतात. प्रदर्शनात किती खपले, सणात किती खपले. या मोजमापात भीड आणि पसंती एकत्र होतात आणि प्रशिक्षणही मग तेच शिकवते: आधी नातेवाइकांना विका.

त्याऐवजी प्रत्येक बाईच्या वहीत दोन स्तंभ आखायला लावावेत. एकात लिहायचे, आपण न सांगता, न आठवण करून देता दुसऱ्यांदा माल मागवणारी गिऱ्हाइके किती. दुसऱ्यात लिहायचे, आपण ओळखत नसलेली गिऱ्हाइके किती. हे दोन आकडे वर्षागणिक वाढत असतील तर तो व्यवसाय आहे, मग एकूण विक्री कितीही लहान असो. ते वाढत नसतील तर दर संक्रांतीला शंभर पाकिटे खपली तरी ती बाई नात्यांकडून वर्गणी गोळा करते आहे, आणि वर्गणी देणारे दरवर्षी थोडे कमी होत जातात.

बँकेने कर्ज देताना आणि गटाने पुढचा हप्ता मंजूर करताना हेच दोन स्तंभ पाहावेत. असे झाले तर वाण द्यायची रीतही आपोआप सुधारेल. ज्या विक्रीला वहीत जागा नाही ती करण्यासाठी कोणी पाहुणीला अवघडून टाकणार नाही.